चौदा वर्षांची वॅगनआर: ९२ हजार घालावेत की नवी घ्यावी?

प्रश्न: मी चिपळूणमध्ये राहते, शिक्षिका आहे. माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल वॅगनआर आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. रोजचं शाळेचं जाणं-येणं २२ किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कराडला आईकडे जाते. जुलै २०२१ च्या पुरात गाडीत सीटच्या खालपर्यंत पाणी आलं होतं. तेव्हा साफसफाई करून ती चालू केली. आता कूलंट दर आठ-दहा दिवसांनी भरावं लागतं, क्लच जड झालाय, पुढून खडखड येते, एसी नीट गार करत नाही, पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं राहतं आणि दरवाज्यांच्या खाली गंज दिसतो. गॅरेजने इस्टिमेट दिलं: क्लच सेट ९,०००, पुढचं सस्पेन्शन १४,०००, एसीचा कॉम्प्रेसर १९,०००, रेडिएटर आणि हेड गॅस्केट २२,०००, डेंटिंग-पेंटिंग २८,०००. एकूण ९२,०००. शोरूमवाले एक्स्चेंजमध्ये १,१०,००० देतायत आणि नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ६,८०,००० सांगतात. मुलगी पुढच्या वर्षी पुण्याला कॉलेजला जाईल, त्यामुळे हप्ता नकोसा वाटतो. शिवाय पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते म्हणे. काय करू?

उत्तर: नमस्कार ताई. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्या भीतीने पुष्कळ लोक चांगल्या गाड्या पडत्या भावात देऊन टाकतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आली, महाराष्ट्रासाठी नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तुमच्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपेल. पासिंगचं पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आता ९२ हजारांचं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. तुमची गाडी लाख-सव्वा लाखाला विकली जाईल, पण त्या पैशात तुम्हाला दुसरी चांगली गाडी मिळणार नाही. त्यामुळे बाजारभाव ही इथली मोजपट्टी नव्हे. या पैशांत आणखी किती वर्षं निर्धास्त चालेल, आणि तेवढीच वर्षं दुसऱ्या गाडीला किती लागतील, हे बघायचं. आणि 'किती वर्षं' याचं उत्तर इंजिन देत नाही, पत्रा देतो. या मॉडेलचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांतला प्रत्येक भाग आजही मिळतो आणि बदलता येतो. सांगाडा बदलता येत नाही. कोकणातली खारी, दमट हवा आणि त्यावर पुराचं पाणी, म्हणजे तुमच्या बाबतीत सगळा निर्णय तळपत्र्यावर येऊन ठेपतो. इस्टिमेटमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणजे वरून दिसणारा रंग.

म्हणून एकही पार्ट मागवण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. त्याआधी पुढच्या दोन्ही सीट काढून कार्पेट पूर्ण उचलायला सांगा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मजुरी ठरवूनच द्या, पण कार्पेट उचलल्याशिवाय पूर लागलेल्या गाडीबद्दल कुणीही काहीही सांगू शकत नाही. कार्पेटखालचा नमदा पाणी धरून ठेवतो. वरून कार्पेट सुकलेलं वाटतं आणि खाली पत्रा वर्षानुवर्षं ओल्यात असतो.

जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान हातोडी घेऊन ठोकत जायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बोदा वाजतो आणि त्यात टोक घुसतं. या जागा स्वतः उभं राहून बघा: दरवाज्याखालच्या पट्ट्या पूर्ण लांबीभर, विशेषतः मागच्या चाकाजवळचं टोक, सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, बॉनेटखाली शॉकअप जिथे वर बसतो तो गोल भाग, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) ज्याला धरलेला असतो तो क्रॉस मेंबर, म्हणजे पुढची आडवी तुळई, मागच्या सस्पेन्शनचे माउंटिंग, डिकीत स्टेपनीची खोली. ब्रेकचे लोखंडी पाइप आणि पेट्रोल भरायच्या नळीचं टाकीकडचं टोकही बघा, कोकणातल्या गाड्यांत या दोन ठिकाणी गंज हमखास लागतो.

दरवाज्याच्या कडा, फेंडर, बॉनेट यांचा गंज कितीही वाईट दिसला तरी घाबरू नका. फेंडर आणि दरवाजे बोल्टवर असतात, सेकंडहँड मिळतात. तळाला एखाद-दोन ठिकाणी वीतभर भोक असेल तर तेही कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. पण शॉकअपची बैठक, क्रॉस मेंबर किंवा मागच्या सस्पेन्शनचं माउंटिंग यांत टोक घुसलं, किंवा खालची पट्टी लांबलचक पोकळ झाली असेल, तर तिथेच थांबा. त्या गाडीवर पुढे एक रुपया घालू नका. घाटात तो भाग सुटला तर चाकाची दिशा हातात राहत नाही, आणि धडक झाली तर मोठा आघात सोसायचं काम याच भागांचं असतं.

एक सावधगिरी. अनेक ठिकाणी गंजावरच काळं अंडरबॉडी कोटिंग मारून देतात. त्याने गंज झाकला जातो, आतला ओलावा अडकतो आणि सडणं वाढतं. योग्य क्रम असा: गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडणे, सडलेला भाग कापून वेल्ड, झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, ते सुकल्यावर कोटिंग, आणि पट्ट्यांच्या पोकळीत आतून मेण किंवा गंजरोधक तेलाचा फवारा. पावसाळ्यात हे काम करू नका, ओल्या हवेत प्रायमर धरत नाही. आणि पट्ट्यांच्या खालची पाणी जाण्याची छिद्रं कोटिंगने बुजू देऊ नका, नाहीतर सगळं काम दोन पावसाळ्यांत वाया जाईल.

कार्पेट ओलं का राहतं हे आधी शोधायला हवं, नाहीतर नवा पत्राही सडेल. पाणी कुठलं आहे ते तीन प्रश्नांत कळतं. फक्त पावसानंतर ओलं होत असेल तर दरवाज्याची रबरं, दरवाज्याच्या आतलं प्लॅस्टिक, किंवा वायपरखालच्या जाळीत पानं साचून तुंबलेला निचरा. एसी लावल्यावरच स्वच्छ पाणी येत असेल तर एसीची ड्रेन नळी चोंदली आहे, फुंकर मारली की मोकळी होते. आणि पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे, डॅशबोर्डमागचा हीटर गळतोय. तुमचं कूलंटही कमी होतंय, म्हणून ही तपासणी सगळ्यांत आधी करा. दोन्ही तक्रारी एकच निघाल्या तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा) प्रश्नच मिटतो.

इस्टिमेटमधली हेड गॅस्केटची ओळ आम्हाला खटकते. कूलंट कमी होणं म्हणजे गॅस्केट गेलं, असं नसतं. आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. थंड इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला तर गळती कुठेतरी दिसतेच: रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या जोडावर, होजच्या टोकाला, वॉटर पंपाच्या तळच्या छिद्रातून किंवा हीटरमधून. झाकणाचं रबर कडक झालं तरी कूलंट उडून जातं, आणि ते झाकण काहीशे रुपयांत मिळतं.

बाहेर कुठेच गळती नसेल आणि तरी पातळी उतरत असेल, तेव्हाच गॅस्केटचा संशय. त्याची खूण म्हणजे गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर, चालू इंजिनात कूलंटमध्ये न थांबणारे बुडबुडे, किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. ऑइल भरायच्या झाकणाखाली मात्र थोडी पिवळट साय दिसली तर लगेच गॅस्केटवर खापर फोडू नका. दमट हवेत अकरा किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या इंजिनात ती वाफेनेही धरते. पक्कं करायला निळ्या रसायनाची टेस्ट असते: जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव निळ्याचा पिवळा होतो.

याच वेळी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, उरकून घ्या. इंजिन गरम, तीनही प्लग बाहेर, इंजेक्टरचं कनेक्शन काढलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि बॅटरी भरलेली. तीनही सिलिंडरचे आकडे लिहून मागा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त अंतर नसावं. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर येणं म्हणजे व्हॉल्व्ह सील, ते परवडणारं काम आहे. चढावर ॲक्सिलरेटर देताना सतत निळा धूर म्हणजे रिंगा, आणि ते इंजिन उघडायचं काम या गाडीवर करू नये. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. सकाळी पहिले काही सेकंद खुळखुळ येत असेल तर चेन आणि टेन्शनर दाखवून घ्या.

तोवर विहिरीचं किंवा नळाचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, आणि गळती बुजवायची पूड तर नकोच. ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

क्लच जड होणं आणि क्लच संपणं यांत फरक आहे. वॅगनआरचा क्लच केबलवर चालतो. पुराच्या पाण्यानंतर केबल आतून गंजते आणि पेडल जड होतं. म्हणून आधी केबल बदलून बघा, क्लच सेटच्या तुलनेत तो अगदी किरकोळ खर्च आहे. प्लेट गेली का हे कुंभार्ली घाटातच कळेल: चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र वेग घेत नाही, तर प्लेट सरकतेय. तसं असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, ती दोनदा द्यायला लागू नये. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्या.

सस्पेन्शनचे १४ हजार कशाकशाचे आहेत ते ओळीने लिहून मागा. पुढची खडखड बऱ्याचदा लोअर आर्मच्या बुशमधून किंवा बॉल जॉइंटमधून येते, शॉकअप ठीक असतात. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉडचं टोक किंवा स्टिअरिंग रॅक. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलं असेल तरच ते बदला, आणि मग जोडीनेच. काम झाल्यावर अलाइनमेंट करायला विसरू नका.

एसीबद्दल आमचा ठाम आग्रह आहे की कॉम्प्रेसर सगळ्यांत शेवटी. तुमच्या गाडीत पाणी शिरलं होतं, म्हणजे कंडेन्सरच्या (एसीच्या पुढच्या जाळीच्या) पंख्याची मोटर आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरी पाण्याखाली होत्या. अर्थिंग गंजलं की कॉम्प्रेसरच्या क्लचला (तो चालू-बंद करणाऱ्या जोडाला) पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, तो मधूनच सुटतो आणि कॉम्प्रेसर खराब झाल्यासारखं वाटतं. पंखा मंद फिरत असेल तर गाडी उभी असताना एसी गरम आणि धावताना गार, अशी लक्षणं दिसतात. आधी अर्थिंगचे सगळे बोल्ट काढून, घासून, ग्रीस लावून परत बसवायला सांगा. फ्यूज बॉक्स आणि कनेक्टर उघडून तांब्यावर हिरवा थर आहे का ते बघा. मग नायट्रोजन भरून गळती शोधायची, ती बंद करायची, अर्धा तास व्हॅक्यूम करायचा आणि बॉनेटखालच्या लेबलवर दिलेल्या वजनाइतकाच गॅस भरायचा. दरवर्षी नुसता गॅस भरून घेणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

इस्टिमेटमध्ये नसलेल्या दोन गोष्टी तुम्हीच घाला. एक, ब्रेक: मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक ऑइल, जे दर दोन वर्षांनी बदलायला हवं. घाटात जुनं, पाणी शोषलेलं ऑइल उकळलं तर पेडल खाली जातं. दोन, टायर: बाजूवर डीओटीनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमचं चालवणं कमी असल्याने नक्षी शाबूत दिसेल, पण सहा-सात वर्षांत रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. इंजिनाकडच्या पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच फेरीत बदला. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि २०१२ ची रबरं त्यासाठी बनवलेली नाहीत. मायलेजही थोडं उतरेल, त्यासाठी मेकॅनिकला दोष देऊ नका.

समजा सांगाडा शाबूत निघाला आणि गॅस्केट ठीक निघालं. मग रेडिएटर किंवा हीटर, क्लच, सस्पेन्शन, एसीची गळती, ब्रेक आणि तळपत्र्याची जोडाजोड मिळून ५० हजारांच्या आसपास बसेल. रंगकामाचे २८ हजार सरळ खोडा. त्याने गाडी एक दिवसही जास्त चालणार नाही आणि विकताना तेवढे परत मिळणार नाहीत.

हिशेब तीन वर्षांचा मांडू. जुनी गाडी: आत्ता ५० हजार, पुढची दोन वर्षं देखभालीला २०-२० हजार, पुन्हा नोंदणी आणि करांना १० हजार धरा, आणि १,१०,००० ची गाडी तोवर ५० हजारांवर आली असं समजा. एकूण १ लाख ६० हजार. नवी गाडी: ६,८०,००० ची तीन वर्षांनी साडेचार लाखांच्या आसपास जाईल, म्हणजे सव्वादोन लाखांची घट. ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये, आणि पहिल्या तीन वर्षांत नुसतं व्याजच १ लाख. म्हणजे सव्वातीन लाख, शिवाय विम्याचा वाढीव हप्ता वेगळा. जुनी गाडी ठेवून तुमचे दीड लाखांहून जास्त वाचतात, आणि मुलीच्या शिक्षणाची सुरुवातीची वर्षं हप्त्याविना जातात. सांगाडा शाबूत असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: दुरुस्त करा आणि तीन वर्षं वापरा.

या हिशेबात न मावणारी एक गोष्ट आहे, आणि ती लपवणं योग्य होणार नाही. ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएसही (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याच सुमारास आलं. तुमच्या गाडीत ते आहे का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. नसेल तर बाहेरून बसवता येत नाही. तुमचं चालवणं बहुतेक गावातलं आणि हळू असल्याने आम्ही तरीही दुरुस्तीकडे झुकतो. पण महामार्गावर रात्रीचे फेरे वाढणार असतील, किंवा लेक गाडी चालवायला शिकून ही पुण्याला नेणार असेल, तर पैशांचा हिशेब बाजूला ठेवून गाडी बदला.

कोणत्या गाडीसाठी हे लागू नाही तेही सांगायला हवं. भारतातून विक्री बंद केलेल्या कंपन्यांच्या गाड्यांत, उदाहरणार्थ २०१७ मध्ये विक्री थांबवलेल्या शेवर्लेच्या, बॉडीचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग शोधण्यात आठवडे जातात. तिथे लहान दुरुस्तीसुद्धा गाडी अडकवून ठेवते.

पासिंगचं: मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो. मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये जादा, आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. चालू विमा, पीयूसी आणि २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हवी. तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर बघतात, आणि गंजून भोकं पडलेली गाडी अडू शकते. तळपत्र्याचं काम त्याआधीच्या हिवाळ्यात उरकलेलं बरं.

काम देताना तीन अटी घाला: मूळ कंपनीचे किंवा नामांकित कंपनीचे पार्ट, बिलावर पार्टचं नाव आणि नंबर, आणि काढलेला जुना भाग तुमच्या हातात.

आणि सांगाडा गेलेला निघाला तर? दुरुस्ती न करता, आहे त्या स्थितीत, दोष सांगून एक्स्चेंजला द्या. किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन डिपॉझिट प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत आणि नोंदणी शुल्काची माफी मिळते, पण भंगाराचा भाव नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्केच असतो, तेव्हा दोन्ही आकडे समोर ठेवून बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो धरूनच कोटेशन आहे ना हे विचारा. जुन्या गाडीचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत) विमा कंपनीकडून लिहून घ्या, तो नव्या गाडीच्या विम्यावर लावता येतो आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

कुणालाही विका, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरटीओत नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. उद्या त्या गाडीने कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.